काडी लावायला दोन मिनिटं, त्याआधी दीड वर्ष

आमच्या जमिनीवर अखेर आग लागली. लागली म्हणजे लावली, जंगल सांभाळायला हलकी आग लावणाऱ्या इथल्या मूळच्या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या क्रूला रीतसर बोलावून, पैसे देऊन, सह्या करून. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्पच झाली आणि मग म्हणाली, "अगं, त्या वणव्याच्या धसक्याने तुम्ही दोघं रात्र रात्र झोपत नव्हतात ना? आणि आता स्वतःच काडी लावलीत?" तिला नीट समजवायला गेले तर व्हॉट्सअ‍ॅप कॉल तीनदा कट झाला, म्हणून म्हटलं लिहूनच काढू, नाहीतरी मंडळातले चारपाच जण विचारत होतेच.

तर आम्ही ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचे. २०१९-२० चा उन्हाळा, ज्याला इथे सगळे ब्लॅक समर म्हणतात, तो आम्ही घरात कोंडून काढला. देशभरात ३३ माणसं आगीत गेली, तीन हजारांवर घरं जळाली, आणि धुराने गेलेल्यांचा अंदाज तर चारशेच्या वर आहे. १ जानेवारी २०२० ला कॅनबेराची हवा जगातल्या सगळ्यात खराब हवेत मोजली गेली, भर दुपारी बाहेर तांबडा अंधार, मी जुन्या सुती ओढण्या ओल्या करून दारांच्या फटीत कोंबतेय आणि पोरगी विचारतेय आई आपण पण जळणार का.

हे सगळं बघूनही २०२१ मध्ये आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या बेटमन्स बे गावाच्या आतल्या बाजूला बावीस एकर जंगल विकत घेतलं. येडेपणा म्हणा. स्वस्त मिळालं कारण जळलेलं होतं. क्लाइड माउंटनची आग ३१ डिसेंबर २०१९ ला ह्याच पट्ट्यातून खाली मोगो गावावर उतरली होती, गावातली दुकानं गेली, तिथल्या अ‍ॅबोरिजिनल लँड कौन्सिलचं ऑफिस गेलं, झू मात्र तिथल्या स्टाफने पाणी मारमारून वाचवला. आम्ही जमीन बघायला गेलो तेव्हा काळ्या ठिक्कर खोडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवी लव फुटलेली, एखाद्याने खोडाला स्वेटर घातल्यासारखी. एजंट म्हणाला, बघा कसं मस्त रिकव्हर होतंय. आम्हाला पण मस्तच वाटलं. आम्हाला काय कळतंय त्यातलं, नवरा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेला, मी पोलादपूरजवळच्या गावातली पण दहावीनंतर मुंबईत.

त्यात २०२० पासून लागोपाठ तीन वर्षं ला निनाचा पाऊस. आणि वॅटल. वॅटल म्हणजे बाभळीचीच चुलत जात, पिवळी फुलं येतात, दिसायला फार गोड. त्याचं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं आणि जोरात आग लागून गेली की एकदम सगळंच्या सगळं उगवतं. सुरुवातीला गुडघ्याइतकं होतं, २०२३ पर्यंत डोक्याच्या वर, आणि इतकं दाट की आधी गेटमधून खालचा ओढा दिसायचा तो दिसेना, आवाज फक्त. त्या सप्टेंबरात एल निनो (इथे म्हणजे कोरडं, तापलेलं हवामान) जाहीर झाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दक्षिणेकडे बर्मागुईजवळ कूलागोलाइटची आग लागली. तेव्हा आमचे डोळे उघडले. हे जे मस्त रिकव्हर झालंय ते खरं म्हणजे पुढच्या आगीसाठी रचून ठेवलेलं सरण आहे.

पहिली खटपट नेहमीसारखी. एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, तो म्हणाला मशीन घालून सगळं भुगा करून देतो, कोटेशन बघून नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. गावातल्या फायर ब्रिगेडचे व्हॉलंटियर येऊन बघून गेले, फार भली माणसं, पण त्यांच्या लिस्टीत आमच्याआधी शाळा, नर्सिंग होम, आणि अख्ख्या वस्त्या. शेवटी शेजारच्या म्हातारीने, जिच्याकडे पूर्वी दुभत्या गाई होत्या, तिने कुंपणावरून सांगितलं, "ब्लॅकफेलांना विचारलंस का? त्यांची क्रू आहे, माझ्या भावाच्या जमिनीवर केलंय त्यांनी." (ब्लॅकफेला हा शब्द मी वापरत नाही, अ‍ॅबोरिजिनल लोक आपसात वापरतात तो वेगळा, पण तिने तसंच म्हटलं आणि चांगल्या मनाने म्हटलं.)

हा भाग युइन लोकांचा, त्यातही बेटमन्स बेच्या आसपासचे वॉलबंजा. क्रूला मी ईमेल केला, आपल्या सवयीने लांबलचक, शेवटी 'प्लीज तुमच्या उपलब्ध तारखा कळवा'. उत्तर तीन ओळींचं आलं: आधी वर्कशॉपला ये, मग आम्ही तुझी जमीन बघायला येऊ, तारखेचं मग बघू. ह्या तीन ओळींना पुढे दीड वर्ष लागलं.

वर्कशॉप मे महिन्यातल्या एका शनिवारी होतं. तीसेक लोक, निम्मे आमच्यासारखे जमीनवाले, काही फायर ब्रिगेडचे, आणि क्रूमधली विशी-पंचविशीतली पोरंपोरी. आधी ओल्या पानांचा धूर, एकेकाने त्यातून जायचं. मग एक अंकल उभे राहिले. इथे ज्येष्ठांना अंकल आणि आंटीच म्हणतात, आपल्या सोसायटीतल्या अंकलसारखं टिंगलीने नव्हे, ती मानाची पदवी आहे. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी सांगितलं प्रत्येकाने एकेक झाड धरा आणि अर्धा तास गप्प बसा. फोन गाडीत. अर्ध्या तासाने विचारलं काय दिसलं. मी हुशार विद्यार्थिनी, महिनाभर वाचून गेले होते, म्हटलं स्पॉटेड गम, बरवँग, ब्रॅकन फर्न, वॅटल. अंकल म्हणाले, "ही नावं झाली. तिथे चाललंय काय ते सांग." मला एक अक्षर सांगता येईना. माझ्या बाजूला क्रूमधली एक मुलगी, असेल एकवीस-बावीस वर्षांची, तिने सांगितलं: गवताचे ठोंब एकमेकांपासून लांब गेलेत, मधल्या जागेत फक्त सालं आणि काटक्या साचल्यात, मुंग्या ह्या बाजूला नाहीत, त्या बाजूला आहेत, म्हणजे ह्या बाजूला माती आवळलीय. तिच्या त्या दोन वाक्यांत माझा महिनाभराचा अभ्यास बाद झाला.

मग जे कळलं ते असं, माझ्या शब्दांत. पहिला प्रश्न असतो इथे आग हवी का. माती आणि झाडं मिळून ते ठरवतात. स्पॉटेड गम म्हणजे निलगिरीच्या कुळातलं झाड, त्याच्या खाली बरवँग (आपण बागेत लावतो त्या सायकसचं भावंड, बी विषारी, पण इथले लोक ते पाण्यात दिवसेंदिवस भिजवून, विष काढून खायचे) अशा जागेला हलकी आग मानवते. ओढ्याकाठच्या ओल्या घळीत, जिथे नेचे आणि वेली, तिथे आग शिरताच कामा नये. शी-ओकच्या राईला पण जपायचं. शी-ओक म्हणजे आपलं सुरूच की, कोकणच्या किनाऱ्यावर ज्याची बनं आहेत त्याचेच भाऊबंद, मी त्यांच्याखाली बसले तर वाऱ्याचा अगदी मुरुड-श्रीवर्धनचा आवाज. तर एकाच बावीस एकरात चार प्रकारच्या जमिनी निघतात आणि चौघींचं घड्याळ वेगळं. सगळ्यांना एका दिवशी एकदम पेटवणं म्हणजे घरातल्या तान्ह्या बाळाला आणि पैलवानाला एकाच ताटात वाढणं.

आग कशी तर थंड. कूल बर्न. ज्वाळा गुडघ्याच्या खाली राहिली पाहिजे, धूर पांढरा पाहिजे, आणि झाडाच्या शेंड्याला झळ लागता कामा नये, शेंडा हे वरचं घर, खालचे किडेमकोडे वर चढून तिथे जातात. सरकारी पद्धतीत बऱ्याचदा ड्रिप टॉर्चने (पेटतं इंधन ठिबकवणारा डबा) लांबच लांब रेघ पेटवतात, मोठा भाग असेल तर हेलिकॉप्टरमधून, मग मधल्या जिवांना पळायला जागा उरत नाही. इथे एका ठिपक्यावर लावायची आणि तिला गोल गोल आपलीआपण पसरू द्यायची. अंकल म्हणाले पाणी सांडल्यावर कसं वाट शोधत जातं तशी ती गेली पाहिजे.

हे मला इतकं ओळखीचं वाटलं की चहाच्या वेळी मी त्यांना गाठून सांगायला लागले, आमच्याकडे पण असंच असतं. माझे आजोबा भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे. खाली शेण, वर कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती भुरभुरवायची म्हणजे भडका न उडता ते धुमसत राहतं. अंकलनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले तुझ्या आजोबांनी बाहेरून सामान आणून एका तुकड्यावर जाळलं, पिकासाठी, ते वेगळं काम आहे. इथे आम्ही काही आणत नाही आणि पेरत नाही. मी जरा ओशाळलेच, 'आमच्याकडे पण' हा आपला राष्ट्रीय आजार आहे. पण नंतर त्यांनीच विचारलं, आजोबा काडी कधी लावायचे? म्हटलं वारा पडेपर्यंत बांधावर बसून राहायचे, दोन-दोन तास, विडी ओढत. त्यावर ते म्हणाले, "हां, ते बसणं सेम आहे."

मला आधी वाटायचं की हे सगळं एका रेषेत चालत आलंय, आजोबांकडून नातवाकडे. तसं नाहीये. मधे मोठा खड्डा आहे. २२ एप्रिल १७७० ला कॅप्टन कुकने समुद्रातूनच बेटमन्स बेला नाव देऊन टाकलं, त्याच्या रोजनिशीत ह्या किनाऱ्यावर धूर दिसल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे तेव्हा लोक इथे आग हाताळत होते. पुढे गोऱ्यांची वस्ती आली, मेंढ्या आल्या, कुंपणं आली, माणसांना उचलून रिझर्व्हवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या वस्त्यांवर, नेलं, मुलं आईबापांपासून काढून घेतली, आणि जंगलात आग लावणं हा गुन्हा ठरला. वर्कशॉपमधल्या आंटींनी सांगितलं त्यांची आजी अंगणातलं गवत जाळायला पण घाबरायची, कोणी येऊन पोरं नेईल म्हणून. तेव्हा पुनरुज्जीवन वगैरे मोठा शब्द आहे, प्रत्यक्षात ते फाटलेल्या गोधडीचे तुकडे शोधून शोधून परत शिवणं आहे. काही तुकडे इथल्या म्हाताऱ्यांकडे राहिले होते, काही लांबून आले. उत्तरेत केप यॉर्कला लॉरा गावाकडे जॉर्ज मसग्रेव्ह आणि टॉमी जॉर्ज असे दोन कुकु-थायपन बुजुर्ग होते, त्यांच्याकडून व्हिक्टर स्टेफन्सन शिकला आणि ती बघण्याची पद्धत घेऊन देशभर हिंडला, त्यातूनच पुढे फायरस्टिक्स अलायन्स ही संघटना उभी राहिली. २०१८ चं त्यांचं राष्ट्रीय वर्कशॉप आमच्या ह्याच किनाऱ्यावर, नाउराजवळ बंडनॉनला झालं होतं, आमच्या क्रूतले दोघं तेव्हा तिथे होते. आणि उत्तर टोकाला आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून तिथले रेंजर कोरड्या मोसमाच्या सुरुवातीलाच हलकी आग लावून नंतरची मोठी आग टाळतात, आणि जो धूर वाचला त्याचे रीतसर पैसे मिळवतात, सुरुवातीला ते एका गॅस कंपनीकडून आले. ते ऐकून नवऱ्याचे डोळे चमकले. आमच्या बावीस एकरात असलं काही होणार नाही हे त्याला लगेच सांगून टाकलं.

क्रू आमच्या जमिनीवर आली ऑगस्टमध्ये. अंकल, आंटी आणि तिघं पोरं. मी उपमा करून ठेवलेला, नवऱ्याने नकाशा प्रिंट करून लॅमिनेट केलेला. नकाशा कोणी बघितला नाही, उपमा संपला. चार तास चालले. एका जुन्या स्पॉटेड गमपाशी थांबून आंटींनी खोडावर बोट ठेवलं, सालीत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा होत्या, खालच्या टोकाशी ओघळलेला चीक. यलो-बेलीड ग्लायडर, उडणाऱ्या खारीसारखा दिसणारा जीव, रात्री येऊन तिथे चीक चाटतो. आम्ही तीन वर्षं त्याच झाडाखाली खुर्च्या टाकून चहा पीत होतो.

चार तासांनी निकाल लागला. बावीसपैकी फार तर सहा एकरांना आग, बाकीच्याला हात लावायचा नाही. आणि त्या सहा एकरातलं वॅटल आधी हाताने कमी करायचं, कारण एवढ्या दाटीत थंड आग शक्यच नाही, ती चढणारच. कापलेलं ढीग करून ठेवायचं नाही, ढीग जळतो तेव्हा खालची माती भाजून निघते, तर आडवं पसरून जमिनीला टेकवून ठेवायचं, कुजेल. अंकल जाताना म्हणाले, "कंट्री आजारी आहे. तापातल्या माणसाला एकदम व्यायामाला लावत नाहीत." कंट्री म्हणजे ह्यांच्या बोलण्यात नुसती जमीन नाही, पाणी, प्राणी, माणसं, गेलेले पूर्वज, सगळं त्यात येतं.

मी विचारलं डोनेशन किती देऊ. आंटी म्हणाल्या, "डोनेशन नको डार्लिंग, इन्व्हॉइस पाठवते." ते ऐकून मला इतकी लाज वाटली. प्लंबरला आपण डोनेशन विचारतो का? ही पोरं अग्निशमनाची सरकारी सर्टिफिकेटं घेतलेली, वर आजीआजोबांकडचं शिकलेली, आणि त्यांच्या नोकऱ्या मात्र दर वर्षी ग्रँट आली तर आहेत, नाहीतर नाहीत. २०२० च्या रॉयल कमिशनने, म्हणजे ब्लॅक समरनंतरच्या सरकारी चौकशीने, अहवालात ह्या विषयाला अख्खं प्रकरण दिलं, तेव्हापासून भाषणांत सगळ्यांना कल्चरल बर्निंग (ह्या आगीचं इथलं नाव) हवं असतं. पगाराचं विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात.

पुढचे सहा महिने आमचे शनिवार वॅटलमध्ये गेले. मंडळातल्या दोन-तीन फॅमिली एकदोनदा आल्या, कांदेपोहे, फ्लास्कमधला चहा, हातात लॉपर, म्हणजे फांद्या कापायची लांब दांड्याची कात्री. एका काकांनी उत्साहात छान ढीग रचून ठेवला, तो मी त्यांच्या पाठीमागे परत पसरला.

मग कागदपत्रं. न्यू साउथ वेल्समध्ये (आमची जमीन ह्या राज्यात येते) स्वतःच्या जमिनीवर असं काही करायचं तर हॅझर्ड रिडक्शन सर्टिफिकेट काढावं लागतं, फुकट असतं, दुर्मिळ झाडं-प्राणी, ओढे वगैरे बघून देतात. शिवाय शेजाऱ्यांना आणि फायर सर्व्हिसला किमान २४ तास आधी कळवायचं, आणि आगीच्या मोसमात, म्हणजे ढोबळ ऑक्टोबर ते मार्च, काही भागात त्याच्याही आधीपासून, वेगळं परमिट. ह्यात मला काही चूक दिसत नाही, ब्लॅक समर बघितलेल्या माणसाला नियम नको असं म्हणवत नाही. वैताग आला तो इन्शुरन्सवाल्यांचा (कंपनीचं नाव राहू दे). त्यांना हवी होती आगीची तारीख. फॉर्ममध्ये तारीख भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. अंकलना विचारलं तर म्हणाले, गवताला विचार. मी कस्टमर केअरच्या मुलीला खरंच सांगितलं की तारीख गवत ठरवणार आहे. ती बिचारी म्हणाली, "इज दॅट द कॉन्ट्रॅक्टर्स नेम?"

तारीख दोनदा मोडली. पहिल्यांदा आदल्या रात्री पाऊस आला. दुसऱ्यांदा सगळं ठीक होतं, क्रू येऊन उभी होती, ऊन छान, आणि अंकलनी मूठभर गवत घेतलं, मुठीत चुरगाळलं, कानाशी नेलं आणि म्हणाले आज नाही. पश्चिमेचा कोरडा वारा दुपारी उठेल. मला कुठे वाऱ्याची झुळूकही जाणवत नव्हती. गाड्यांमध्ये सामान परत भरलं. दीड वाजता असा वारा सुटला की आमच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उडून शेजारच्या पॅडॉकमध्ये. नवरा झाकण आणायला पळत गेला आणि परत येताना एवढंच म्हणाला, बरं झालं.

शेवटी तो दिवस पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर उजाडला. सकाळी दव इतकं की बूट भिजून मोजे ओले. मी स्पोर्ट्स लेगिंग घालून गेले होते, आंटींनी बघितलं आणि परत पाठवलं, पॉलिएस्टर आगीजवळ कातडीला चिकटतं. गाडीत बाबांचा जुना सुती झब्बा आणि नवऱ्याची जीन्स होती, ती चढवली. जीन्स दोरीने बांधून. फोटोत मी बुजगावणं दिसतेय.

आधी दोन तास फक्त दाताळी मारणं. म्हातारी झाडं, पोकळ ओंडके, ग्लायडरचं ते झाड, सगळ्यांच्या भोवतीचा पाला ओढून हातभर रुंद मोकळी रिंगणं केली. फायर ब्रिगेडची एक गाडी पाण्यासकट कडेला उभी. अकराच्या सुमारास दव वरून सुकलं पण खाली माती ओलीच, तेव्हा अंकलनी स्ट्रिंगीबार्कची साल तळहातांवर चोळून चोळून तिचा चिंध्यांसारखा झुबका केला, त्यात निखारा धरला, फुंकर मारली, आणि तो झुबका गवताच्या एका ठोंबाला नुसता टेकवला. बस. मी श्वास रोखून उभी, आणि ती आग इतकी लहान की मला हसू आलं. उदबत्तीची आई म्हणा. हाताच्या तळव्याएवढी, मग परातीएवढी, मग अंगणाएवढा गोल, कडेला नारिंगी झालर आणि मधे काळं. ब्रॅकन जळताना लाह्या फुटल्यासारखा आवाज. वास म्हणजे शंभर लोकांनी एकदम विक्स चोळल्याचा, निलगिरीचंच जंगल शेवटी.

आग बरवँगपाशी आली, खालची वाळकी पानं भुर्रकन पेटून विझली, मधला गाभा हिरवाच राहिला. एका खोडावर मुंग्यांची रांग वर चालली होती, तोंडात पांढरी अंडी, घाई आहे पण धावपळ नाही. एक सरडुला पळत आला, काळ्या-हिरव्याच्या हद्दीवर थांबला, आणि मागे वळून जळून गेलेल्या बाजूला गेला. क्रूमधल्या मुलीने मला बूट काढायला लावले. जिथून आग जाऊन दहा मिनिटं झाली होती तिथे मी अनवाणी उभी राहिले, खरंच, उन्हात तापलेल्या फरशीएवढंही गरम नव्हतं. तिने राख उकरून दाखवली, काळी, तिच्यात गवताची मुळं शाबूत, एक बी पण अख्खं. राख पांढरी निघाली तर समजायचं की चुकलं, आग फार तापली. आमच्याकडे एका जागी निघाली पांढरी, वॅटलचा एक ढीग राहून गेला होता त्याच्याखाली. आमच्या त्या काकांचा असावा.

आणि हो, माझा पराक्रम. शेजाऱ्यांना कळवायचं काम माझ्याकडे होतं, मी पाच घरांना चिठ्ठ्या टाकल्या, सहावं घर सिडनीच्या लोकांचं, ते महिनोन् महिने येत नाहीत म्हणून सोडलं. त्याच वीकएंडला ते आले होते. धूर बघून त्यांनी ट्रिपल झिरो, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर, लावला आणि तासाभरात सायरन वाजवत आणखी दोन गाड्या. आमच्या गेटवर तीन फायर ट्रक आणि मी झब्ब्यात अनवाणी. ब्रिगेडचा कॅप्टन काही बोलला नाही, फक्त विचारलं, सहावी चिठ्ठी कुठाय? आंटी मात्र नंतर दर वेळी मला 'सिक्स लेटर्स' म्हणून हाक मारतात.

दुपारी तीनच्या आसपास हवेत गारवा आला तशी आग आपसूक खाली बसली, ओल्या घळीच्या काठावर पोचली आणि तिथेच संपली, कोणी पाणी मारलं नाही. एक ओंडका मात्र आतून धुमसत राहिला. त्याच्यावर लक्ष ठेवणं हे जमीनमालकाचं काम. तीन रात्री आम्ही आळीपाळीने तिथे शेडमध्ये झोपलो, दर दोन तासांनी उठून टॉर्च, बादली. चौथ्या दिवशी हात घालून बघितला, गार.

तीन आठवड्यांनी गेलो तर काळ्यावर हिरवी टोकं, पोपटी, सुईसारखी. वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, सकाळ-संध्याकाळ तिथेच. ओढा दिसतो आता गेटवरून. ह्याने आमची जमीन सुरक्षित झाली का, असं सगळे विचारतात. अंकलनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं की ४५ डिग्री आणि ताशी ८० किलोमीटरचा वारा असला तर कोणाचंच काही चालत नाही, तेव्हा गाडीत बसायचं आणि निघायचं. सहा एकर म्हणजे किती, पलीकडे हजारो हेक्टर सरकारी जंगल तसंच दाट उभंय. पण मला आता धूर आला की छातीत धस्स होत नाही, आधी मी रंग बघते.

मागच्या महिन्यात क्रू परत बघायला आली. मला वाटलं आता पुढचा तुकडा जाळायचं ठरेल. अंकल त्या मोकळ्या झालेल्या जागेत वाकले आणि एक पिवळ्या फुलाचं रोपटं उपटून माझ्या हातात दिलं, फायरवीड, मादागास्करचं तण, उघडी जमीन मिळाली की घुसतं आणि गुरांना विष. बी धरायच्या आत सगळं उपटायचं, हाताने, पिशवीत भरून. किती आहे म्हणून बघायला मी मान वर केली तर उतारभर पिवळे ठिपके. पुढच्या आगीचं कधी, असं विचारल्यावर ते म्हणाले आधी हे संपव. तेव्हा ह्या शनिवारी ग्लोव्हज घेऊन निघालोय, कोणाला यायचं असेल तर कळवा, पोहे आमच्याकडे. त्या काकांना मी फक्त पिशव्या धरायचं काम देणार आहे.